टोकाकडून

रविवारी बाजार बंद, म्हणून माझे खांदे घरी असतात.
कोपरखैरण्याच्या आमच्या गॅलरीत
निळी बादली, कोमट पाणी,
आणि ती हिरवी फणी, जिने गेल्या वर्षी
दुर्वाच्या उवा काढल्या
आणि आता खारीच्या नावावर झाली आहे.
खारी म्हणजे कुत्री. रंग चहात बुडवायच्या खारीचा.
तुर्भ्याला बटाट्याच्या गाळ्यामागे सापडली
तेव्हा माझ्या चपलेत मावत होती.

तिच्या कानामागे केसांची गाठ झालीय,
काथ्यासारखी घट्ट.
मी म्हणतो, कात्री आण.
दुर्वा, वय सात, म्हणते, थांबा.
कातडीजवळ दोन बोटांत केस धरते,
म्हणजे ओढ आत पोचत नाही,
आणि फणी लावते टोकाला. मुळाला नाही.
थोडं सुटतं. मग जरा वर. मग अजून जरा.
कुणी शिकवलं गं?
"कुणी नाही. आई घाईत वेणी घालते ना,
तेव्हा कुठे दुखतं ते मला माहीत आहे."
स्वयंपाकघरातलं लाटणं एकदम थांबतं.

वीस वर्षं मी गोणीला आकडा मारून ओढतोय.
माझ्या हाताला एवढी एकच भाषा येते.

ओमी चार वर्षांचा. त्याच्याकडे नखं मोजायचं काम.
दर वेळी अठराच भरतात.
आपली वीस, मग हिची दोन गेली कुठे,
म्हणून तो बॅटरी घेऊन कॉटखाली शिरतो.
बाहेर येतो तेव्हा हातात
एक बटण, अर्धा शेंगदाणा.
शोध चालू आहे म्हणतो.

गोचिडी मिठाच्या पाण्याच्या डबीत.
चिमटा धरायचा, सरळ वर, चिरडायचं नाही,
हे वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी दाखवलेलं.
पण दुर्वा प्रत्येक वेळी आधी
खारीच्या कानाशी सांगते,
"आता चावल्यासारखं होईल हं. एकदाच."
काही होणार नाही, असं म्हणत नाही,
जे आम्ही तिला
प्रत्येक इंजेक्शनला म्हणत आलो.

एकदा नख मी कापलं होतं.
सुट्टीचा दिवस संपत आलेला, मी घाईत,
फार आत गेलं. रक्त. हळद दाबली.
खारी सुटली ती थेट कॉटखाली.
मी बिस्किट दाखवलं. शीळ घातली.
मग ओरडलो. मग पाय धरून ओढायला वाकलो.
दुर्वाने मागून माझा शर्ट पकडला.
काही बोलली नाही.
फरशीवर आडवी झाली, कॉटकडे पाठ करून,
आणि भिंतीकडे बघत पाढे म्हणू लागली,
तेही चुकीचे.
सातच्या पाढ्याला तिच्या मानेवर
एक ओलं नाक आलं.
ती वळली नाही.
आठचा पाढाही पुरा म्हणाली.
मी दारात उभा, हातात नेलकटर,
हळदीने पिवळी झालेली माझी बोटं.

परवा गाळ्यावर भांडण झालं.
तोलाईचा हिशेब. कोण काय बोललं ते राहू द्या.
घरी आलो, गॅलरीत पाठ करून बसलो.
जेवायला दोन हाका आल्या, उठलो नाही.
सुलभा म्हणाली, बसू दे त्यांना.

थोड्या वेळाने दुर्वा आली.
मागून नाही, समोरून नाही, बाजूने,
आणि जरा लांबच बसली.
मूठ मिटून हाताची मागची बाजू
हळूच माझ्या नाकापाशी धरली
आणि दुसरीकडे,
खालच्या स्कूटरींकडे, बघत राहिली.

मी कोण, याची ओळख नव्हती पटवायची तिला.
ती कोण, ते मला आठवू देत होती.

साबण. ओल्या कुत्रीचा वास. पेन्सिल.
घेतला वास. काय करणार.

मग आतून ओमी ओरडला,
आई, बाबा हलले!
आता मोजू का त्यांची नखं?